गो फर्स्ट : कशी उभी राहिली, का बंद पडली आणि तिकिटाच्या पैशांचं काय? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना आला की नागपुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात : पारा पंचेचाळिशीकडे जातो आणि निम्मं शहर काश्मीर, लेह, सिमल्याच्या गप्पा मारू लागतं. २०२३ च्या मे महिन्यात याच गर्दीच्या हातातली गो फर्स्ट या विमान कंपनीची तिकिटं एका रात्रीत निकामी झाली. तेव्हापासून त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा विचारल्या जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळी सारख्या लांबीची नाहीत, कारण सगळे प्रश्न सारखे महत्त्वाचे नाहीत.

गो फर्स्ट आणि गोएअर एकच ना?

एकच. बॉम्बे डाईंग आणि ब्रिटानियावाल्या वाडिया समूहाची ही कंपनी. नुस्ली वाडियांचे धाकटे चिरंजीव जेह वाडिया यांनी ती उभी केली. नोव्हेंबर २००५ मध्ये मुंबई–अहमदाबाद मार्गावर पहिलं विमान उडालं. मे २०२१ मध्ये नाव बदलून गो फर्स्ट केलं. त्याच महिन्यात शेअर बाजारात उतरण्यासाठी सेबीकडे कागद दाखल झाले होते, हे लक्षात घेतलं की नव्या रंगरंगोटीची घाई समजते. कायद्याच्या कागदांत मात्र शेवटपर्यंत ‘गो एअरलाइन्स (इंडिया) लिमिटेड’ हेच नाव राहिलं. जुने कागद शोधताना हे नाव वापरा.

इंडिगोच्या आधी सुरू होऊनही ही कंपनी लहान का राहिली?

इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये आली, म्हणजे गोएअर नऊ महिन्यांनी थोरली. पण इंडिगोनं सुरुवातीलाच शंभर विमानांची ऑर्डर देऊन ठेवली होती. गोएअरनं वर्षाला दोन-चार विमानं वाढवत, जपून पावलं टाकली. बरीच वर्षं या सावधपणाचं कौतुकच झालं. किंगफिशर २०१२ मध्ये बुडाली, जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गोएअर मात्र टिकून होती.

तोट्याची बाजूही होती. परदेशी उड्डाणांच्या परवानगीसाठी वीस विमानं लागायची आणि तो आकडा गाठायला गोएअरला २०१६ उजाडलं. प्रत्यक्ष परदेशी उड्डाण ऑक्टोबर २०१८ मध्ये झालं, पहिलं फुकेटला आणि पाठोपाठ मालेला. तोवर बाजार इंडिगोच्या खिशात गेला होता. बंद पडायच्या सुमारास देशांतर्गत प्रवाशांत गो फर्स्टचा वाटा सात-आठ टक्के होता, इंडिगोचा पंचावन्नच्या वर.

ही फिरायला जाणाऱ्यांची विमान कंपनी अशी ओळख कशी झाली?

मार्गांमुळे. गोवा, श्रीनगर, जम्मू, लेह, पोर्ट ब्लेअर आणि बाहेर फुकेट, माले. कामासाठी जाणारा माणूस लेहला जात नाही. दिल्ली–लेह आणि दिल्ली–श्रीनगर या मार्गांवर त्यांच्या बऱ्याच फेऱ्या असायच्या. त्यामुळे नागपुरातला टूरवाला ग्रुपचं पॅकेज बांधताना इथून दिल्लीपर्यंत रेल्वे किंवा दुसरं विमान आणि पुढे गो फर्स्ट अशी जोडणी करत असे. इथून कंपनीची स्वतःची विमानं मुंबई-पुण्यासारख्या शहरांना जायची.

सुट्टीसाठी फिरणारा प्रवासी तिकीट दोन-दोन, तीन-तीन महिने आधी काढतो, कुटुंबाची चार-सहा तिकिटं एकदम काढतो आणि तारीख सहसा बदलत नाही. कंपनीच्या दृष्टीनं हा उत्तम गिऱ्हाईक, कारण सेवा देण्याच्या कितीतरी आधी रोख पैसा हातात येतो. कंपनी बुडते तेव्हा सगळ्यात जास्त अडकतो तोही हाच. कामासाठी जाणाऱ्याचं परवाचं एक तिकीट बुडालं, तर इकडे अख्ख्या कुटुंबाची सुट्टी.

तिकीट एवढं स्वस्त देणं परवडायचं कसं?

हा प्रश्न नीट समजून घ्या, पुढची निम्मी उत्तरं यातच आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे एकाच घराण्यातली विमानं. कंपनीकडे सगळी एअरबस ए३२० होती. वैमानिकांचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, तंत्रज्ञ कुठल्याही विमानावर चालतो. दुसरी गोष्ट, विमान जमिनीवर थांबू द्यायचं नाही. उतरलं की अर्ध्या तासात झाडून, इंधन भरून पुन्हा वर. विमानाचं भाडं महिन्याला ठरलेलं असतं, त्यामुळे दिवसाला सहाऐवजी चार फेऱ्या झाल्या तरी ते तेवढंच द्यावं लागतं. खाणं, जास्तीचं सामान, पसंतीची खिडकी यांचे वेगळे पैसे आपल्याला दिसतात, पण ती किरकोळ कमाई.

तिसरी गोष्ट प्रवाशांना दिसत नाही. विमानं कंपनीच्या मालकीची नसायची. मोठी ऑर्डर दिली की कारखान्याकडून घसघशीत सूट मिळते. विमान ताब्यात येताच ते भाड्यानं देणाऱ्या परदेशी कंपनीला बाजारभावानं विकायचं, मधला फायदा खिशात टाकायचा आणि तेच विमान महिन्याच्या भाड्यानं परत घ्यायचं. जगभर हे चालतं, त्यात बेकायदेशीर काही नाही. गोएअरनं २०११ मध्ये ७२ आणि २०१६ मध्ये आणखी ७२ ए३२०निओ विमानांची ऑर्डर दिली होती.

आता हिशोब लावा. विमान भाड्याचं, इंजिनाची देखभाल इंजिनवाल्याच्या करारावर, विमानतळावरची जागा सरकारी मेहेरबानीची. कंपनीचं स्वतःचं असं उरतं काय? रोज विमानं उडवून येणारे पैसे आणि प्रवाशांनी आगाऊ भरलेले पैसे. आगाऊ तिकीट काढणं म्हणजे तारण न घेता कंपनीला दिलेलं बिनव्याजी कर्ज असतं. काउंटरवर हे कोणी सांगत नाही.

इंजिनाचं नेमकं काय झालं?

ए३२०निओला दोन प्रकारची इंजिनं बसवता येतात, सीएफएमची किंवा अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीची. गोएअरनं प्रॅटचं गिअर्ड टर्बोफॅन निवडलं. या इंजिनात पुढचा मोठा पंखा आणि मागची टर्बाइन यांच्यामध्ये गिअर असतो. त्यामुळे पंखा सावकाश फिरतो आणि टर्बाइन तिच्या सोयीच्या वेगानं. जुन्या ए३२० पेक्षा निओला सुमारे १५ टक्के इंधन कमी लागतं. आपल्याकडे विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा सर्वात मोठा, म्हणजे कागदावर निवड बिनचूक होती.

२०१६ मध्ये ही विमानं आली आणि कुरबुरी सुरू झाल्या. आतली सील बिघडणं, ज्वलनकक्षाचं अस्तर लवकर झिजणं, टर्बाइनची पाती तुटणं. उष्ण आणि धुळीच्या हवेत हे जास्त व्हायचं, आणि आपल्याकडे दुसरी हवा आहे कुठे! मार्च २०१८ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, ठरावीक क्रमांकांची इंजिनं असलेली ११ निओ विमानं जमिनीवर उतरवली. त्यातली आठ इंडिगोची होती, तीन गोएअरची.

इंजिन उतरवलं की ते दुरुस्तीला जातं आणि त्याच्या जागी दुसरं लागतं. ते दुसरं मिळेना. कंपनीच्याच आकड्यांनुसार डिसेंबर २०१९ मध्ये ७ टक्के विमानं उभी होती, डिसेंबर २०२० मध्ये ३१ टक्के आणि डिसेंबर २०२२ मध्ये ५० टक्के. निम्मी विमानं उभी आणि भाडं सगळ्यांचं चालू. यातून बुडालेलं उत्पन्न आणि वाढलेला खर्च मिळून १०,८०० कोटी रुपयांचा फटका बसला, असा कंपनीचा दावा होता.

प्रकरण सिंगापूरच्या लवादात गेलं. तिथल्या आपत्कालीन लवादानं ३० मार्च २०२३ ला आदेश दिला की प्रॅटनं २७ एप्रिलपर्यंत दहा चालू इंजिनं द्यावीत आणि पुढे डिसेंबरपर्यंत दर महिन्याला दहा. इंजिनं आली नाहीत. प्रॅटचं म्हणणं असं की गो फर्स्टनं पैसे थकवण्याचा इतिहास जुना आहे.

मिहानमध्ये एवढं मोठं एमआरओ आहे, मग इंजिनं इथंच का नाही दुरुस्त केली जी?

हा खास नागपुरी प्रश्न, आणि गैरही नाही. मिहान म्हणजे विमानतळाला लागून असलेलं औद्योगिक क्षेत्र. तिथलं ते एमआरओ, म्हणजे विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचं केंद्र, बोइंगनं एअर इंडियासाठी बांधून दिलं, विमानखरेदीच्या व्यवहाराचा भाग म्हणून. गो फर्स्टची विमानं एअरबसची, इंजिनं प्रॅटची. आधुनिक इंजिन उघडायला त्याच इंजिनाची अधिकृत परवानगी, विशिष्ट हत्यारं आणि चाचणीची सोय लागते. आणि इथे खरा अडसर जागेचा किंवा कारागिरांचा नव्हताच. सुटे भाग जगभर तुटवड्यात होते. नागपूर असो की हॅम्बुर्ग, भाग नसेल तर तंत्रज्ञ हात चोळत बसणार.

मग सगळा दोष इंजिनवाल्यांचाच म्हणायचा?

नाही. इंडिगोकडेही हीच इंजिनं होती, तीही गोएअरपेक्षा कितीतरी जास्त विमानांवर. पुढे, म्हणजे गो फर्स्ट थांबल्यानंतर, या इंजिनांच्या धातूच्या भुकटीतला दोष जुलै २०२३ मध्ये उघड झाला आणि इंडिगोची डझनावारी विमानं उभी राहिली. इंडिगो तरली. तिच्या हातात रोख होती, जुन्या विमानांच्या भाडेकरारांची मुदत वाढवून घेण्याची ताकद होती, आणि जून २०१९ मध्येच तिनं पुढच्या २८० विमानांसाठी सीएफएमची इंजिनं मागवली होती. गोएअर प्रॅटलाच धरून बसली.

त्यात कोविड आला. मार्च २०२० मध्ये विमानं थांबली, भाडी चालू राहिली. शेअर बाजारातून ३,६०० कोटी उभारायचे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये सेबीची मंजुरीही आली, पण इश्यू बाजारात आलाच नाही. जेह वाडिया मार्च २०२१ मध्येच पदावरून गेले होते. त्याआधीच्या वर्षांत मुख्य कार्यकारी अधिकारी इतक्या वेळा बदलले की धोरण कोणाचं, हे कर्मचाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. एकाच इंजिनावर सगळी भिस्त आणि हाताशी गंगाजळी नाही, हे दोन्ही निर्णय घरचेच होते. प्रवर्तकांनी शेवटच्या तीन वर्षांत ३,२०० कोटी रुपये घातले हेही खरं. तेवढ्यानं भागलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये बंगळुरूला दिल्लीचं विमान ५५ प्रवाशांना धावपट्टीजवळच्या बसमध्ये सोडून उडालं आणि डीजीसीएनं दहा लाखांचा दंड केला, तो प्रसंग अनेकांच्या लक्षात आहे. त्या घटनेनं कंपनी बुडाली नाही. पण माणसं आणि यंत्रणा किती ताणल्या होत्या, ते त्यातून दिसलं.

मे २०२३ मध्ये काय घडलं?

मंगळवार, २ मे रोजी कंपनीनं स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. कोणा सावकारानं ओढत नेलं नव्हतं. ३ मेपासून उड्डाणं थांबली. आधी ‘तीन दिवस रद्द’ असं सांगितलं, मग तारीख पुढे, मग आणखी पुढे, आणि तसे महिने गेले. १० मे ला दिल्लीच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, म्हणजे एनसीएलटीनं, अर्ज दाखल करून घेतला आणि वसुलीला स्थगिती दिली. अर्जात एकूण देणी ११,४६३ कोटी दाखवली होती. त्यातले ६,५२१ कोटी सेंट्रल बँक, बँक ऑफ बडोदा, आयडीबीआय आणि डॉइश बँक या बँकांचे.

पुन्हा उडणार, पुन्हा उडणार असं वर्षभर चाललं होतं. ते का फसलं?

उडायला विमानं लागतात आणि विमानांचे मालक ती परत मागत होते. जुलै २०२३ मध्ये डीजीसीएनं १५ विमानं आणि दिवसाला ११४ फेऱ्यांची सशर्त परवानगी दिलीही होती. पैसा उभा राहिला नाही. विमानमालक कोर्टात भांडतच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून विमानांना दिवाळखोरीतल्या स्थगितीतून वगळलं, आणि २६ एप्रिल २०२४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सगळ्या ५४ विमानांची नोंदणी पाच दिवसांत रद्द करायला सांगितलं. त्या दिवसानंतर कंपनीकडे विकायला मुख्यतः नाव, कागद आणि प्रॅटविरुद्धचा दावा एवढंच उरलं. स्पाइसजेटचे अजय सिंग आणि ईजमायट्रिपचे निशांत पिट्टी यांनी मिळून बोली लावली होती. पिट्टी मे २०२४ मध्ये बाहेर पडले. २० जानेवारी २०२५ ला एनसीएलटीनं कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

तिकिटाचे पैसे परत मिळतील का?

आशा ठेवू नका, पण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत दावा केला असेल तर पोच जपून ठेवा.

कंपनी मोडीत निघाली की जे काही येतं ते दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ नुसार उतरंडीनं वाटलं जातं. आधी या प्रक्रियेचाच खर्च. मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांची थकलेली मजुरी. त्यानंतर इतर कर्मचारी, मग बिनतारण आर्थिक कर्जदाते, मग सरकारी देणी. प्रवासी येतात त्यानंतर ‘उरलेल्या देण्यां’त, सहाव्या पायरीवर. त्यांच्या खाली फक्त भागधारक. पंगतीत शेवटच्या रांगेत बसलेल्याला जिलेबी मिळेल की नाही, हे आधी किती जण जेवले त्यावर ठरतं. इथे तर पहिल्याच रांगेतल्यांचं पोट भरायची मारामार.

डीजीसीएनं मे २०२३ मध्ये नियमानुसार परतावा द्या असं कंपनीला सांगितलं होतं. मात्र एकदा स्थगिती लागली की जुनं देणं वेगळं काढून देता येत नाही. म्हणून त्या आदेशाचा आधार घेऊन आज भांडण्यात अर्थ उरलेला नाही.

काही जणांना पैसे मिळाले म्हणतात. कसे?

ज्यांनी क्रेडिट कार्डानं पैसे भरले होते आणि लगेच बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून चार्जबॅक मागितला, त्यांच्यासाठी हा सर्वात चांगला रस्ता होता. यात पैसे विमान कंपनीकडून नाही, कार्डाच्या व्यवस्थेतून परत फिरतात. याला मुदत असते आणि ती केव्हाच संपली. पुढच्या वेळेसाठी मात्र ध्यानात ठेवा : कंपनी ‘थोडं थांबा’ म्हणते त्याच दिवशी बँकेला लेखी कळवायचं.

आम्ही टूरवाल्याला रोख दिले होते. तो म्हणतो, माझेही अडकले.

तो खोटं बोलतो असं नाही. एजंटांचे पैसे कंपनीकडे आगाऊ जमा असायचे आणि तेही बुडाले. डीजीसीएच्या नियमानुसार एजंटामार्फत काढलेल्या तिकिटाच्या परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर असते. मात्र तुम्ही नुसतं तिकीट नाही, अख्खं पॅकेज घेतलं असेल, तर करार तुमचा आणि टूर कंपनीचा आहे आणि ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. त्यासाठी पावती हवी. ‘ओळखीचाच आहे’ म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पैसे देण्याची सवय धरमपेठेपासून सक्करदऱ्यापर्यंत सारखीच, आणि नेमकी ती इथे नडते.

परदेशातही कंपन्या बुडतात, तिथल्या प्रवाशांचं काय होतं?

ब्रिटनचं उदाहरण बघा. मोनार्क २ ऑक्टोबर २०१७ ला आणि थॉमस कुक २३ सप्टेंबर २०१९ ला बंद पडली. दोन्ही सुट्टीवाल्यांच्या कंपन्या. थॉमस कुकच्या वेळी दीड लाखाच्या आसपास लोक परदेशात अडकले होते. तिथल्या सरकारनं विमानं भाड्यानं घेऊन त्यांना घरी आणलं. तिथे पॅकेज विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक ग्राहकामागे ठरावीक रक्कम एका निधीत भरावी लागते, त्या निधीतून पॅकेजवाल्यांचे पैसे परत झाले. (भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची कंपनी, ती चालूच राहिली.)

आपल्याकडे असा निधी नाही. किंगफिशर झाली, जेट झाली, गो फर्स्ट झाली, तरी नाही. तिकिटामागे वीस-पंचवीस रुपये घेतले असते तर कोणाचा खिसा फाटला असता, असं नाही.

नागपूरवर काय परिणाम झाला?

विमानतळ ओस पडला नाही. फेऱ्या इतरांनी, मुख्यतः इंडिगोनं, भरून काढल्या. गेला तो एक पर्याय. दुसरं कोणी कमी भाव लावणारं असलं की पहिल्याला हात आखडावा लागतो, तो धाक कमी झाला. गो फर्स्टच्या मार्गांवरची भाडी जून २०२३ मध्ये इतकी चढली की केंद्रीय मंत्र्यांना बैठक घेऊन कंपन्यांना आवर घाला म्हणावं लागलं. पुण्याला जाणाऱ्यांनी तेव्हा नेहमीसारखीच ट्रॅव्हल्सची बस गाठली.

गंमत म्हणजे १९४९ पासून अनेक वर्षं देशाची रात्रीची हवाई टपाल सेवा नागपूरवर फिरत होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथल्या सोनेगाव विमानतळावर उतरून टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत. आज इथून लेहला जायचं तर दुसरीकडे विमान बदलावं लागतं.

बंद कंपन्यांच्या विमानांचं काय होतं? सोनेगावला ते जुनं विमान पडून होतं तसंच का?

गो फर्स्टची विमानं मालकांनी परत नेली. काहींचे भाग महिनोन्‌महिने उभ्या विमानांतून काढले गेल्याच्या तक्रारी मालकांनी कोर्टात केल्या होत्या, पण मालक ठरलेला असल्यानं विमानं बेवारस झाली नाहीत. सोनेगावचं ते बोइंग ७२० कॉन्टिनेंटल एव्हिएशन नावाच्या कंपनीचं. १९९१ मध्ये इथे उतरलं आणि कोणी घेऊन गेलंच नाही. धावपट्टीजवळून ते हलवायला २०१५ उजाडलं. तिथे मालकाचाच पत्ता नव्हता, इथे मालक वकील घेऊन दारात उभे होते.

पुढच्या वेळी आधी ओळखता येईल का?

पूर्ण खात्रीनं नाही. गो फर्स्ट शेवटच्या दिवसापर्यंत तिकिटं विकत होती. तरी काही खुणा असतात. एकाच मार्गावरच्या फेऱ्या वारंवार एकत्र करणं, विमानतळावर त्याच कंपनीची विमानं बिनइंजिनाची उभी दिसणं, पगार थकल्याच्या बातम्या, तेल कंपन्यांनी रोजच्या रोज रोखीत पैसे मागणं, भाडेकरारवाल्यांनी नोंदणी रद्द करायचे अर्ज करणं. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर तीन महिन्यांनंतरचं स्वस्त तिकीट त्या कंपनीचं घेऊ नका. घ्यायचंच असेल तर कार्डानं घ्या. प्रवास विमा काढत असाल तर विमान कंपनी दिवाळखोर झाल्यास भरपाई आहे का, ते कलम वाचा. अनेक स्वस्त पॉलिसींत ते नसतं.

जुनं तिकीट, ईमेल ठेवू की टाकून देऊ?

दावा दाखल केला असेल तर ठेवा : पीएनआर, पैसे भरल्याचा पुरावा, दाव्याची पोच. मोडीत काढण्याचं काम संपेपर्यंत त्यांची गरज पडू शकते. गोएअरच्या लवादातल्या दाव्यातून काही रक्कम आली तर वाटपाचा हिशोब बदलू शकतो, मात्र तीही त्याच उतरंडीनं खाली येणार.